एकदा वाजली तर सोड

हे लिहून ठेवायचंच नाही, असं श्रीहर्षनं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. एक तर या गोष्टीत तो स्वतः गाढव ठरतो. दुसरं म्हणजे गोष्ट आधीच तंजावूरभर फिरलेली आहे, आणि फिरता फिरता तिला अशी काही शेपटं फुटलीत की विचारू नका. जुन्या बसस्टँडवर जी सांगतात तिच्यात श्रीहर्षला भर फायनलमध्ये पंजुमिठाई दिसली, त्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि मॅच गेली. पंजुमिठाई म्हणजे काडीला गुंडाळलेला तो गुलाबी साखरेचा कापूस. ती होती, नाही असं नाही. पण ती श्रीहर्षच्या हातात नव्हती आणि मॅच तिच्यामुळे गेली नाही.

शेवटी त्यानं ही गोष्ट मराठीत लिहायची ठरवली. घरात सगळे मराठी बोलतात पण वाचत कुणीच नाही. हा एकटाच फोनवर एकेक अक्षर शोधत शिकलेला. म्हणजे अगदी खरं खरं लिहिलं तरी गल्लीतलं कुणी वाचून भांडायला येणार नाही. एवढी सोय दुसऱ्या कुठल्या भाषेत आहे?

तर, तुकोजी.

तुकोजी त्याचा मित्र, एका भिंतीपलीकडचा. दोघं शाळेपासून बॉल-बॅडमिंटन खेळायचे. पिवळा लोकरीचा बॉल, लांब दांड्याची लाकडी रॅकेट, एका बाजूला पाच जण, आणि राजवाड्यामागचं मातीचं मैदान. श्रीहर्ष मधे खेळायचा आणि तुकोजी त्याच्या मागे. मधे खेळणाऱ्याला एकच पंचाईत असते. डोक्यावरून गेलेला बॉल रेषेच्या आत पडणार की बाहेर, हे त्याला कळत नाही. श्रीहर्षला ते कधी कळावंच लागलं नाही. मागून तुकोजीचा आवाज यायचा. "सोड!" म्हटलं की हा हात खाली घ्यायचा. "घे!" म्हटलं की उडी मारायचा. विचार करायचं काम मागे, उडी मारायचं काम पुढे, अशी वाटणी होती.

आणि आवाज म्हणजे काय आवाज! पहाटे रस्त्यात उभा राहून तुकोजी "हर्षाऽऽ, ऊठ रे!" म्हणून हाक मारायचा, तेव्हा श्रीहर्ष सोडून सगळी गल्ली उठायची. मग गल्ली मिळून श्रीहर्षला उठवायची. समोरच्या टीमला मराठी कळायचं नाही, हा आणखी एक फायदा. यांच्याच टीमच्या कॅप्टन सुब्रह्मण्यला घरातही तमिळशिवाय काही येत नव्हतं, पण "सोड" आणि "घे" तोही शिकला होता. तो ते बायकोलासुद्धा म्हणायचा, असं ती सांगते.

मग मागच्या वर्षी तुकोजीच्या गळ्यात गाठ आली. गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी ती काढली, घरच्यांनी नारळ फोडले. पण गाठ काढताना आवाजाची शीर दुखावली. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. आता काही महिने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, मग पाहू. येईल कदाचित.

"कदाचित" हा शब्द तुकोजीच्या आईनं, नागलक्ष्मी मावशींनी, देवापुढे नेऊन ठेवला. तुकोजीनं रॅकेट माळ्यावर ठेवली.

आणि श्रीहर्ष झोपला. खरंच झोपला. पहाटे हाक येईना, म्हणून तो उठेना. गजर लावून पाहिला. गजराला हातानं गप्प करता येतं, तुकोजीला कधी करता आलं नव्हतं. कधीमधी मैदानावर गेलाच तर मधे उभा राहून मागून काही येण्याची वाट बघायचा, आणि बॉल डोक्यावरून जाऊन आपला आपण पडायचा. मागे आता सतीशकुमार असे. पोरगा चांगला, पण त्याचं "सोड" यायचं तोवर बॉल पडून, घरंगळून, कुत्र्यानं हुंगून झालेला असायचा.

त्यांना खेळ शिकवणारे चिदंबर मास्तर बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या सह्या बघितल्यामुळे ते माणसाकडेही जरा वाकून, शंका घेऊन बघायचे. एक दिवस त्यांनी श्रीहर्षला बाजूला घेतलं.

"श्रीहर्षा, तुला हा खेळ आवडतो कां रे?"

"आवडतो कीं, मास्तर."

"नाही. तुला हाक आवडते. हाक गेली, तुझा खेळ गेला. काणुम पोंगलला टूर्नमेंट आहे. हाक घेऊन ये, नाही तर तूंही येऊं नको."

श्रीहर्षला राग आला. मग लाज वाटली. मग तो तुकोजीच्या घरी गेला. कितीतरी दिवसांनी गेला. बोलू न शकणाऱ्या माणसाशी काय बोलायचं, हे न कळल्यामुळे तो टाळत होता.

दारातच नागलक्ष्मी मावशी भेटल्या. "ये ये. वाट सांपडली म्हणायची. आमचं घर कुंभकोणमला गेलंय असं कोणी सांगितलं होतं काय तुला?"

"नाही मावशी, ते सुम्मा, उगीच..."

"सुम्मा काय? बैस. जेवून जा."

तुकोजी आतल्या खोलीत जेवत होता. गळ्याभोवती पांढरा पंचा, समोर ताट आणि ताटाशेजारी देवघरातली पितळी घंटा. श्रीहर्षला पाहून तो हसला, नुसत्या ओठांनी. तेवढ्यात स्वैपाकघरातून मावशींनी विचारलं, "तुकोजी, अजून भात वाढूं कां?"

तुकोजीनं घंटा उचलली. टिंग.

"डांगर पच्चडी?"

टिंग टिंग.

"तूप?"

टिंग टिंग.

मावशी वाढायला आल्या तेव्हा श्रीहर्षनं विचारलं, "हे काय चाललंय?"

"एकदां वाजली तर नको, दोनदां वाजली तर हो. सकाळीं पूजेला देव घेतात घंटा, मग दिवसभर ह्याच्याकडे. देवाला काय, एकदां वाजवली कीं पुरते. ह्याला दिवसाला दहा वेळां भूक."

श्रीहर्ष ताटावर बसला, पण घास हातातच राहिला. तो घंटेकडे बघत होता. मग तुकोजीकडे. मग परत घंटेकडे.

तुकोजीनं डाव्या हातानं फोन उचलून तमिळ अक्षरांत मराठी लिहिलं, 'नाही.'

"मी कुठे काय बोललो?"

'तुझं तोंड बघून कळलं. नाही म्हणजे नाही. मी येऊन काय करूं? तोंड बंद करून बसायला घरीं फॅन आहे.'

"तू फक्त मागे बसायचं. एक म्हणजे सोड, दोन म्हणजे घे. झालं."

टिंग.

"सतीशकुमार 'सोड' म्हणतो तोवर माझं लग्न होईल."

टिंग.

"बरं, मग मीही नाही खेळत. मास्तर म्हणाले, एकटा येऊ नको."

तुकोजी बराच वेळ ताटात बोट फिरवत बसला. मग त्यानं लिहिलं, 'मला त्या मैदानावर गप्प बसवणार नाही रे. तिथे गप्प बसायची संवयच नाही.' श्रीहर्षनं ते वाचलं. त्यानं पच्चडी मागितली. मावशींनी वाढली. पहिल्या घासाला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते ठसक्याचं आहे असं तिघंही धरून चालले.

निघताना तो दारात चपला घालत होता. मागून आवाज आला.

टिंग टिंग.

काणुम पोंगल म्हणजे पोंगलचा शेवटचा दिवस, बाहेर फिरायचा, माणसांना भेटायचा. तिरुवैयारूच्या पुढे, कावेरीच्या काठच्या एका गावात दर वर्षी त्या दिवशी टूर्नमेंट असते. पहिली बस धरायची म्हणून सगळे अंधार असतानाच निघाले. तुकोजीनं पिशवीत घंटा टाकली. पूजा व्हायची होती, मावशी अंघोळीला गेल्या होत्या, आणि मुका माणूस सांगून कसा जाणार? त्यानं देव्हाऱ्यात चिठ्ठी ठेवली असती, पण देवांना तमिळ येतं की मराठी, ह्याचा त्या घरात कधीच निकाल लागलेला नाही.

मैदान म्हणजे कापणी झालेलं शेत, चोपून सपाट केलेलं. तुकोजी मागच्या रेषेच्या मागे प्लास्टिकच्या स्टुलावर बसला. गळ्यात पंचा, मांडीवर घंटा. पहिल्या मॅचचा पहिला बॉल श्रीहर्षच्या डोक्यावरून गेला. टिंग. त्यानं हात खाली घेतला. बॉल रेषेबाहेर पडला. श्रीहर्षला असं वाटलं की कुणीतरी बंद खोलीची खिडकी उघडली.

पण दुसऱ्या टिंगला एक गोष्ट घडली जी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. देवघरातली घंटा होती ती. तिचा आवाजही देवघरातलाच. ती वाजली की बाजूला बसलेल्या आज्या-आजोबांचे हात आपोआप वर जायचे आणि ते दोन्ही गालांवर टपटप मारून घ्यायचे. देवळात आरतीला मारून घेतात तसे. तिसऱ्या टिंगला नेटपलीकडच्या पोरानंही मारून घेतलं. त्याच्या हातात रॅकेट होती. रॅकेट कानावर बसली आणि बॉल पायाशी पडला.

सुब्रह्मण्य श्रीहर्षच्या कानात म्हणाला, "डेय, हे तर फार भारी निघालं!"

"गप. आपण मुद्दाम नाही करत."

"मुद्दाम कशाला करायचं, देव करतोय की."

पहिली मॅच जिंकली. दुसरी जिंकली. दोन मॅचच्या मधे फोन वाजला. नागलक्ष्मी मावशी.

"श्रीहर्षा! घंटा कोठें?"

"इथे आहे, मावशी. तुकोजीकडे."

"आणि पूजा?"

"झाली नाही?"

"झाली. स्टीलच्या टंबलरवर चमचा वाजवून केली. देव काय म्हणाले असतील? कॉफी आली म्हणून उठून बसले असतील!" मग त्यांनी विचारलं, "तो हसला कां रे तिथे?"

श्रीहर्षनं मागे पाहिलं. तुकोजी हसत होता. पण त्याचं कारण वेगळं होतं. त्याच्या स्टुलापुढे कुणीतरी दोन केळी ठेवली होती.

मग त्या केळ्यांची गोष्ट वाढली. पांढरा पंचा गळ्यात, घंटा हातात, आणि कुणी काही विचारलं तरी हे पोरगं बोलत नाही, नुसतं हसून मान हलवतं. गावात बातमी पसरली की तंजावूरहून कोवळ्या वयाचे एक मौनस्वामी आलेत. एक बाई मुलीला घेऊन आली आणि नर्सिंगला सीट मिळेल का म्हणून विचारू लागली. तुकोजी गोंधळला. मॅच सुरू होती, बॉल वरून येत होता, श्रीहर्षसाठी त्यानं दोनदा घंटा वाजवली. बाईनं तोंडाला पदर लावला आणि तिथेच रडायला लागली. "दोनदा वाजवली म्हणजे मिळणार!" असं शेजारची म्हणाली. त्यानंतर रांग लागली. नारळ आले, झेंडू आले, एका म्हाताऱ्यानं बैल आणला. पोंगलसाठी बैलाची शिंगं निळी रंगवलेली होती, आणि तो स्टुलाशेजारी उभा राहून शांतपणे झेंडू खात होता.

फायनल गावच्याच टीमशी होती. त्यांचा कॅप्टन इळंगो हुशार. पहिला डाव त्याची पोरं गालांवर मारून घेण्यात हरली, तसा तो अंपायरकडे गेला.

"सार, ही घंटा बंद करा."

अंपायर गावच्या शाळेचे जुने सर. त्यांनी नियमांचं पुस्तक मनातल्या मनात चाळलं. "घंटेचा नियम नाही, इळंगो."

"मग तुम्हीच सांगा त्यांना."

सरांनी तुकोजीकडे पाहिलं, केळ्यांकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं. "सणाच्या दिवशी मी पूजेची घंटा बंद करू? माझ्या घरी सून बाळंत व्हायचीय."

इळंगो परत फिरला. भांडला नाही. त्यानं फक्त एका पोराला सायकलवरून कुठेतरी पाठवलं. दुसरा डाव चालू असतानाच रस्त्याच्या बाजूनं पंजुमिठाईवाला आला. खांद्यावर लांब काठी, काठीला गुलाबी कापसाच्या पिशव्या आणि हातात घंटा. पंजुमिठाईवाले घंटा वाजवतच हिंडतात, त्याशिवाय पोरं घराबाहेर येत नाहीत. तो येऊन बरोबर तुकोजीच्या शेजारी उभा राहिला.

टिंग टिंग टिंग टिंग टिंग.

श्रीहर्षचं काय झालं ते तोच जाणे. सोड, घे, सोड, घे, सोड. तो उडी मारायला जायचा आणि मधेच थांबायचा. सुब्रह्मण्य ओरडला, "नाचतोयस काय?" दुसरा डाव गेला. गावानं शिट्ट्या मारल्या.

तुकोजी स्टुलावरून उठला. त्यानं पंजुमिठाईवाल्याला हातानं लांब जायची खूण केली. मग छातीवर हात ठेवून विनवलं. मग दोन्ही हात जोडले. आता साक्षात मौनस्वामी पंजुमिठाईवाल्याला हात जोडतायत म्हटल्यावर तो बिचारा घाबरून पाया पडला आणि त्यानं सगळ्यात मोठी काडी काढून तुकोजीच्या हातात दिली. ते पाहून मागची रांग तिकडे वळली. स्वामींनी घेतलेला प्रसाद म्हणून पोरं, बाया, नर्सिंगवाली मुलगी, सगळे पंजुमिठाई मागू लागले. त्या माणसाची इतकी विक्री जन्मात झाली नव्हती. आनंदानं तो जास्तच जोरात घंटा वाजवू लागला.

तिसरा डाव. कुठल्या टिंगवर विश्वास ठेवायचा हे कळेना, म्हणून श्रीहर्षनं शेवटी कान बंद केले आणि आपल्या डोळ्यांनी खेळायला लागला. काही चुकलं, काही जमलं. जमलं ह्याचंच त्याला आश्चर्य वाटत होतं. मागे तुकोजी एका हातात घंटा, एका हातात गुलाबी कापूस घेऊन उभा होता. घंटा वाजवायची त्यानं सोडूनच दिली होती. कोण ऐकणार? तो नुसता ओठ चावत होता.

चौतीस-चौतीस. ह्या खेळात पुढे ओढाताण नसते; पस्तिसावा ज्याचा, त्याची मॅच.

इळंगोनं बॉल उंच उडवला. इतका उंच की ऊन डोळ्यात गेलं. बॉल श्रीहर्षच्या डोक्यावरून मागे चालला. सतीशकुमारवर सोडायची हिंमत होईना, म्हणून तो उलट्या पावलांनी मागे मागे पळत गेला, पार मागच्या रेषेपर्यंत. बाहेर जातोय की आत पडतोय? त्यानं रॅकेट उचलली.

"सोड!"

घंटा नव्हती ती. तो आवाज होता.

आवाज कसला, गंजलेल्या बिजागरीसारखा, मधेच चिरकलेला, अर्धा वाऱ्यातच विरून गेलेला. पण शब्द तोच, वेळ तीच, आणि तो मागून आला होता. इतके महिने ज्याची वाट बघत हा माणूस अंथरुणात पडून राहिला, ते मागून आलं.

आणि श्रीहर्षनं ना बॉल घेतला, ना सोडला. तो वळला. बॉलकडे पाठ करून त्यानं तुकोजीकडे पाहिलं. तुकोजीचा हात गळ्यावर होता, डोळे विस्फारलेले होते, आणि तो आपल्याच आवाजाला घाबरल्यासारखा उभा होता. श्रीहर्षला हसू आलं. "बोललास!" तो म्हणाला.

टप्.

बॉल त्याच्या खांद्यावर पडला. रेषेबाहेर वीतभर गेला असता तो. अगदी स्पष्ट बाहेर. तुकोजीचं बरोबर होतं, त्याचं नेहमीच बरोबर असायचं. पण बाहेर जाणारा बॉल अंगाला लागला की गुण समोरच्यांचा. अंपायर सरांनी हात वर केला. गाव मैदानात उतरलं.

ह्या गर्दीत ती नर्सिंगवाल्या मुलीची आई चिदंबर मास्तरांपाशी आली. "स्वामींनी मौन सोडलं! काय म्हणाले हो ते? कुठल्या भाषेत?"

मास्तर अजून रेषेकडेच वाकून बघत होते. "मराठीत," ते म्हणाले. "सोडून दे, म्हणाले."

बाईनं ते शेजारणीला सांगितलं. शेजारणीनं पुढच्या बाईला. सगळ्यांनी डोळे मिटून माना हलवल्या. फार मोठी गोष्ट बोलले स्वामी, एवढ्याशा वयात.

सगळे परतीच्या बसमध्ये बसले. हरलेल्यांना पाच स्टीलचे डबे मिळाले होते, पाच खेळाडूंना पाच. तुकोजीला डबा नव्हता. त्याला अकरा नारळ मिळाले होते. जागा नव्हती म्हणून ते सुब्रह्मण्यच्या मांडीवर होते, आणि बस वळली की एकेक नारळ खाली पडून पुढे ड्रायव्हरपर्यंत जायचा. दर वेळी सतीशकुमार उठून आणायचा. शेवटी सुब्रह्मण्य म्हणाला, "डेय श्रीहर्षा, एक विचारू? बॉल वर होता, तो म्हणाला सोड. तू का वळलास?"

"माहीत नाही रे."

"पंजुमिठाई बघितलीस का?"

"हो," श्रीहर्ष म्हणाला. "तीच बघितली." सांगायला तेच सोपं होतं. गोष्ट तिथूनच फिरायला लागली.

तुकोजी खिडकीशी बसला होता. त्यानं बोलायचा प्रयत्न केला, नुसती हवा आली. त्यानं फोन काढला, काही लिहिलं, पुसलं, आणि फोन परत खिशात ठेवला.

नागलक्ष्मी मावशी दारातच उभ्या होत्या. बातमी बसच्या आधी पोचली होती. त्यांनी घंटा घेतली, पदरानं पुसली, तुकोजीला आत पाठवलं. श्रीहर्ष शिव्या खायच्या तयारीनं उभा राहिला.

"तो ओरडला म्हणतात," मावशी हळू आवाजात म्हणाल्या.

"हो, मावशी. माझ्यामुळे. मी..."

"तें राहूं दे. तूं ऐकलास ना? कसा होता रे आवाज?"

श्रीहर्षनं त्यांच्याकडे पाहिलं. चार महिने त्या रोज सकाळी ह्याच एका गोष्टीसाठी घंटा वाजवत होत्या, आणि तो आवाज आला तेव्हा त्या घरी टंबलरवर चमचा वाजवत बसल्या होत्या.

"जुनाच होता, मावशी," तो म्हणाला. "तसाच. अख्ख्या गावाला ऐकूं गेला."

मावशींनी डोळे मिटले आणि दोन्ही गालांवर हलकेच मारून घेतलं.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासलं आणि तुकोजीला फार बोलले. मग आवाज उतरवून म्हणाले, ओरडल्यामुळे फार बिघडलं असं नाही, पण सुधारायचं जेवढं होतं तेवढं आता दिसतंय. बोलता येईल, हळू. शेजारच्याला ऐकू जाईल इतपत. मैदानावरून हाक मारायची ती गेली.

म्हणजे ती एकच हाक राहिलेली होती, आणि ती त्यानं श्रीहर्षवर खर्च केली. आणि श्रीहर्षनं ती ऐकून काय केलं, तर मागे वळून हसला.

श्रीहर्षनं रॅकेट सुब्रह्मण्यच्या घरी नेऊन दिली. "ठेव तुझ्याकडे. माझं झालं." पंजुमिठाईचे विनोद ऐकत तो दुकानात, रस्त्यात, लग्नात फिरत राहिला. कुणी काही म्हटलं तर हसायचा. तुकोजीकडे मात्र जाईना. जाऊन काय सांगणार? सॉरी म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, असू दे. ते "असू दे" कुजबुजत आलं असतं, आणि ते ऐकायची श्रीहर्षची हिंमत नव्हती.

मग एका पहाटे, उजाडायच्या आधी, खिडकीखाली आवाज झाला.

टिंग टिंग.

श्रीहर्षनं डोक्यावर पांघरूण घेतलं.

टिंग टिंग. टिंग टिंग. टिंग टिंग.

समोरच्या घरातून कोणीतरी जागं होऊन स्तोत्र म्हणायला लागलं. पलीकडच्या गच्चीवरून कुणी विचारलं, "आज एकादशी आहे कां?" गल्लीतले दिवे एकेक करून लागले. श्रीहर्षची आई आतून ओरडली, "अरे ऊठ रे, नाही तर मला सगळ्या गल्लीला तीर्थ द्यावं लागेल!"

तो खाली आला. रस्त्यावर तुकोजी उभा होता. एका हातात घंटा, दुसऱ्या हातात दोन रॅकेटी. एक त्याची, माळ्यावरून काढलेली, धूळ न पुसलेली. दुसरी श्रीहर्षची. सुब्रह्मण्यकडून आणलेली.

"मावशींना माहीत आहे, घंटा आणलीस ते?" श्रीहर्षनं विचारलं.

तुकोजीनं मान हलवली. मग जवळ आला, अगदी जवळ, आणि बोलला. खरखर, मधे मधे तुटलेलं, पण शेजारच्याला ऐकू जाईल एवढं. "तीच म्हणाली. देवाला टंबलर चालतोय म्हणाली. त्याला उठव."

दोघं मैदानाकडे चालायला लागले. राजवाड्यामागच्या वळणावर तुकोजी थांबला.

"तूं वळलास," तो म्हणाला.

"हो."

"बॉल बाहेर होता."

"माहीत आहे."

"परत माझा आवाज येणार नाही, हर्षा. कधीं घंटा येईल. कधीं तीही नाही. मी मागे नसलों तरी बॉल वरून येणारच. मग काय करशील?"

श्रीहर्षनं मैदानाकडे पाहिलं. सतीशकुमार एकटाच नेट बांधत होता, आणि बहुतेक स्वतःशीच "सोड, घे, सोड" म्हणत सराव करत होता. अजूनही उशिराच.

"वळणार नाही," श्रीहर्ष म्हणाला. त्याचाही आवाज तुकोजीसारखाच आला, अर्धा वाऱ्यातला. "शब्द देतो तुला. तू बोललास तरी, नाही बोललास तरी. तू मागे आहेसच असं धरून पुढे बघेन. परत मागे वळणार नाही."